डोंगरापलीकडची वस्ती

३ फेब्रुवारी

भावजी,

रीतीप्रमाणे आधी आशीर्वाद. ते मिळाले असं समजा, म्हणजे मला लगेच भांडायला मोकळीक. तुम्ही घर सोडलंत त्याला चौथं वर्ष लागलं. मध्ये एकदा नोकरीचा पत्ता कळवलात, एकदा लग्न झाल्याचं कळवलंत, तेही लग्न उरकल्यावर. त्यानंतर सगळा आनंदच आहे. पण आज मी गाऱ्हाणी सांगायला बसलेले नाही. एक काम आहे, आणि ते तुमच्याशिवाय कोणाच्या हातचं नाही.

‘वस्ती’ पुन्हा सुरू झाली आहे.

हो, तोच तुमचा खेळ. गेल्या महिन्यात यांनी माळ्यावरून कॉम्प्युटर उतरवला, त्याची रबरी बटणं ओल्या फडक्याने पुसली, बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीला जोडला आणि टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घातली. खेळ चढताना कॅसेटमधून निघतात त्या किंचाळ्या ऐकून शेजारीण धावत आली. तिला वाटलं, कोणाचा तरी हात मशीनमध्ये सापडला. तिला म्हटलं, काही नाही, खेळ चढतोय. ती माझ्याकडे असं बघून गेली की आता आठवडाभर दुधाला विरजणसुद्धा मागायला यायची नाही.

तुम्हीच लिहिलेला खेळ तुम्हाला काय सांगायचा, पण त्याची आज काय दशा आहे ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. तांबड्या ग्रहावर यान उतरतं. चाळीस माणसं, म्हणजे चाळीस ठिपके. दर वर्षी शेतात किती जण, घुमट सांधायला किती, बर्फ खणायला किती, हे आकडे आपण भरायचे. त्या बर्फाचं पाणी विषारी. ते गाळण्यांतून शुद्ध होतं, आणि वस्तीला गाळण्या दोन. इथवर सगळं पूर्वीसारखंच. पण पूर्वी डोंगराच्या पलीकडे दुसरी वस्ती होती. तुमची. एक भाऊ इकडे, एक तिकडे, आळीपाळीने बटणं दाबायची. एखाद्याच्या गाळण्या बंद पडल्या तर ‘एम’ दाबून पलीकडून एक मागता यायची. आता डोंगर आहे आणि पलीकडे नुसता काळा पडदा. कितीही जपून खेळा, काही वर्षांनी पहिली गाळणी जाते, मग दुसरी, आणि मग ठिपके एकेक करून विझत जातात. हे रोज खेळतात आणि रोज हरतात. रेडिओ दुरुस्तीचं दुकान हल्ली लवकर बंद करतात, त्यामुळे संध्याकाळ मोकळीच असते.

तुमच्याजवळ खेळाच्या ओळी छापलेल्या कागदाची गुंडाळी आहे. जाताना ती काखोटीला मारून गेलात, मी दारातच उभी होते. त्यातल्या सहाशेपासून सातशेनव्वदपर्यंतच्या ओळी मला पाठवा. मी इथे टाइप करीन. तेव्हाही मीच टाइप केल्या होत्या. तुम्ही दोघे भाऊ एका बोटाने कोंबडीने दाणे टिपावे तसे टाइप करायचात, आणि टंकलेखनाचे वर्ग घेणारी बाई घरात असून ते बघवेना, म्हणून.

यांची तब्येत ठीक आहे. तब्येतीबद्दल पत्रात काही लिहायचं नाही असं आमचं ठरलं आहे आणि लिहिण्यासारखं काही नाहीही. जेवणातलं मीठ मी कमी केलं आहे, वयाप्रमाणे. चपला नव्या घेतल्या, एक नंबर मोठ्या. बाकी सगळं जिथल्या तिथे.

ओळी पाठवा. उशीर करू नका.

तुमची वहिनी


२१ फेब्रुवारी

भावजी,

कार्ड मिळालं. ‘ओळी नाहीत. कागद हरवला. दादाला सांग, स्वतः लिही म्हणावं.’ एवढ्यासाठी पोस्टाचं तिकीट लावलंत, धन्य तुमची.

कागद हरवला ही थाप दुसऱ्या कोणाला मारा. शाळेतल्या सहलीचं बसचं तिकीट जपून ठेवणारा माणूस ती गुंडाळी हरवेल होय? तुमच्या कपाटाच्या वरच्या खणात उजव्या कोपऱ्यात असणार. उजव्याच. तुम्ही डाव्या कोपऱ्यात कधी काही ठेवत नाही.

तुम्हाला राग आहे, तो असणारच. तेव्हा मी मध्ये पडले नाही, कारण मला वाटलं होतं दोन दिवसांत निवळेल. तुम्ही कामासाठी बाहेरगावी गेला होतात. इकडे खेळण्यांच्या दुकानाचा मालक म्हणाला, घरोघरी एकच मूल खेळणार, एकट्याला खेळता येईल असं करून द्या, आणि जरा आटोपशीर करा. यांनी त्याच संध्याकाळी तुमची वस्ती पुसली आणि त्याच कॅसेटवर परत रेकॉर्ड केलं. दुकानात कोऱ्या कॅसेटींची चळत रचलेली, आणि या शहाण्या माणसाला त्यातली एक उचलावीशी वाटली नाही. तुम्ही आलात, खेळ चढवलात, आणि म्हणालात, “दादा, माझी वस्ती कुठे गेली?” यांनी हातातल्या रेडिओवरून मान वर न करता उत्तर दिलं, “तिची गरज नव्हती.”

तीन शब्द. तुम्ही लगेच बॅग भरलीत. नंतर त्या दुकानदाराने खेळ घेतलाही नाही, हे तुम्हाला कोणी कळवलं की नाही कोण जाणे.

पण खरं सांगू का, खोट तुम्हा दोघांतही पहिल्यापासून होती. तुम्ही एकमेकांशी खेळायचात तेव्हा गाळण्या बंद पडल्या तरी कोणी ‘एम’ दाबायचं नाही. दोन्हीकडची माणसं तहानेने मरताहेत आणि दोन्ही भाऊ तोंडं फुगवून पडद्याकडे बघताहेत. मी मात्र तुमच्याशी खेळायला बसले की पहिल्याच वर्षी ‘एम’. तुम्ही ओरडायचात, “वहिनी, अगं तुझ्या दोन्ही चालू आहेत अजून!” मी म्हणायचे, “असू देत, एखादी जास्तीची असली तर कुठे बोचते?” आणि तुम्ही द्यायचात. दर खेपेला द्यायचात. हे मी विसरलेले नाही.

तुम्ही पाठवत नाही म्हटल्यावर मी आठवून टाइप करायला घेतलं. मला त्या ओळींतलं ओ की ठो कळत नाही, पण बोटांना थोडंफार आठवतं. मंगळवार आणि शुक्रवार सकाळी आम्ही दोघं बाहेर असतो, तिथे नुसतं बसून राहावं लागतं. एका यंत्राची घरघर चालू असते, एकसारखी. त्या नादावर मी मांडीवर बोटं नाचवते आणि ओळी आठवते. एवढी यातायात करून घरी आल्यावर टाइप केल्या तर कॉम्प्युटर म्हणाला, चूक. कुठे चूक ते सांगायला त्याच्या बापाचं काय जातं? यांनी पाहिलं आणि हसले. म्हणाले, “त्याचं त्यालाच जमायचं.” मग पाणी मागितलं. आता मी पाणी मोजून देते, छोट्या वाटीने. अर्धी वाटी दिली. त्यांनी ती हातात धरली आणि बराच वेळ प्यायलेच नाहीत, जवळ असू द्यावी म्हणून.

का मोजून देते, असं तुम्ही विचाराल. विचारू नका. मी शब्द दिला आहे.

वहिनी


९ मार्च

भावजी,

तुमचं पत्र काल आलं. पहिल्याच ओळीत, ‘वहिनी, विचारू नका म्हणजे काय? दादा बरा आहे ना?’

नाही.

झालं, शब्द मोडला. यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं की आजाराबद्दल त्याला एक अक्षर कळवायचं नाही. मी दोन पत्रं ते पाळलं. तुमच्या लक्षात यावं आणि मी मात्र सांगितलेलं नसावं, अशी माझी हुशारी चालली होती. आता मला या हुशारीची लाज वाटते. माणूस समोर झिजतो आहे आणि मी चपलांचे नंबर कळवते आहे.

त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. पावलं सुजायला लागली तेव्हा आम्हाला वाटलं, दिवसभर दुकानात उभं राहून असेल. मग चेहरा सुजला. मग एक दिवस जिन्यावर बसले ते उठेचनात. आता आठवड्यातून दोनदा इस्पितळात नेते. दंडातून रक्त काढून यंत्रातून फिरवतात आणि शुद्ध करून परत आत सोडतात. यंत्र एकच, रांग मोठी. यंत्रावरून उठल्यावर अंगात जीव नसतो, दुसऱ्या दिवशी जरा बरं, तिसऱ्या दिवशी परत सूज. आणि ज्या शिरेत सुई घालतात ती आता बुजत चालली आहे.

डॉक्टर तरुण आहेत, घाईत असतात, पण समजावून सांगतात. त्यांनी मला पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून दाखवलं. म्हणाले, माणसाला या दोन असतात, पण चांगली असली तर एकीवरही आयुष्य निघतं. मी चित्राकडे बघतच राहिले. एका गाळणीवर वस्ती चालते हे तुम्ही कधीच लिहून ठेवलं होतं. मीच तर ते टाइप केलं होतं.

मग त्यांनी यांना विचारलं, “सख्खं भावंड आहे का कोणी? त्यांची जुळण्याची शक्यता सगळ्यांत जास्त.”

हे म्हणाले, “नाही.”

माझ्यादेखत, भावजी. डोळ्याला डोळा देऊन. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी त्यांना सोडलं नाही. म्हटलं, असा पाठचा भाऊ जिवंत असताना नाही म्हणायला तुमची जीभ कशी धजली? ते बाकावर बसले होते. म्हणाले, “मी त्याची वस्ती पुसून टाकली. विचारलंसुद्धा नाही. आता कुठल्या तोंडाने त्याच्या पोटातलं मागू?” आणि रडले. लग्न झाल्यापासून मी या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं. आजूबाजूला लोक होते, त्यांनी डोळेही पुसले नाहीत.

माझी द्यायची तयारी होती. डॉक्टरांचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच मी हो म्हटलं होतं. रक्तगट जुळत नाही.

आता तुम्ही येऊ नका, तुमचा संसार नवा आहे, असं मी लिहायला हवं. थोरल्या वहिनीला तेच शोभतं. पण मी तेवढी चांगली बाई नाही. मला माझा नवरा हवा आहे. म्हणून तुमच्यापुढे सगळं मांडते आणि गप्प बसते. तुम्हालाही टेबलावर निजावं लागेल, कुशीत मोठा छेद घेतील, आणि नंतर कितीतरी दिवस वजन उचलायचं नाही. हे लपवून तुम्हाला बोलावलं असं व्हायला नको.

यांना या पत्राची खबर नाही. उत्तर माझ्या वर्गाच्या पत्त्यावर पाठवा.

वहिनी


२८ मार्च

जाऊबाई,

भावजींच्या उत्तराची वाट बघत होते आणि पत्र तुमचं आलं. आपली अजून तोंडओळखही नाही आणि पहिलीच भेट अशी. तुमचं अक्षर फार सुरेख आहे. त्या सुरेख अक्षरात तुम्ही मला जे सुनावलं आहे, ते मी उभ्यानेच वाचलं.

‘तुमच्या माणसासाठी माझा माणूस मागता. इतक्या वर्षांत तो जेवला का, झोपला का, एकदा तरी विचारलंत? गरज पडली तेव्हा बरा आठवला.’ यातलं काहीही मला खोडता येत नाही. मी पत्रं लिहायची ठरवायचे आणि राहून जायचं, असं म्हणू शकते, पण त्याने तुमचं पोट भरणार नाही.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देते. डॉक्टरांना विचारूनच लिहिते आहे.

धोका आहे का? आहे. देणारा निरोगी असला तर फार कमी, पण नाही असं कोणी म्हणणार नाही. नंतर त्यांना काम करता येईल का? येईल, पहिले काही महिने जपून. पुढे मुलंबाळं? त्याला काही अडचण नाही. आणि तुम्ही जे विचारलं नाहीत तेही सांगते. एवढं सगळं करून ती किडनी यांच्या शरीराने स्वीकारलीच नाही, असंही होऊ शकतं. भावाभावांत शक्यता चांगली, पण हमी नाही. तेव्हा तुमचं गेलं आणि आमचं वाचलं नाही, हे दोन्ही एकदम घडू शकतं. मला हे लिहिताना हात आखडता घ्यावासा वाटत होता. लिहिलं.

तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा पत्र पाठवणार नाही आणि तुम्हाला कधी दोष देणार नाही. थांबा, हे खोटं आहे. मनातल्या मनात देईन. पण तो तोंडातून बाहेर पडणार नाही, एवढा शब्द देते. माझ्या शब्दाची पत तुम्ही म्हणाल ती, कारण एक मी नुकताच मोडला आहे.

एक सांगू? तुमचा राग बघून मला बरं वाटलं. भावजींसाठी असं कोणीतरी भांडणारं आहे. आमच्या घरात त्यांच्यासाठी कोणी भांडलं नाही.

तुमची जाऊ


६ एप्रिल

भावजी,

यांच्या हाती जाऊबाईंचं पत्र लागलं.

मी ते कॅसेटींच्या खोक्यात तळाशी ठेवलं होतं. घरात दुसरी जागा नव्हती की काय माझ्या कपाळाला? ते टेपरेकॉर्डरचा पट्टा शोधत होते. मी वर्गावरून आले तेव्हा पत्र घडी घालून टीव्हीवर ठेवलेलं, कॉम्प्युटरची वायर काढून गुंडाळलेली, आणि हे भिंतीकडे तोंड करून बसलेले.

शुक्रवारी इस्पितळात जायच्या वेळी म्हणाले, “मी येणार नाही.”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“म्हणजे येणार नाही. तिकडे त्याच्या घरात माझ्यापायी भांडण लागलंय. मी मेलो की मिटेल.”

मी पाया पडले. शिव्याही दिल्या, तुम्हाला खरं वाटणार नाही अशा. शेजारी जमले. हा माणूस खुर्चीचे हात धरून बसला तो बसलाच. आपली खेप चुकली आणि ती जागा रांगेतल्या दुसऱ्या कोणालातरी दिली.

शनिवारी सकाळी श्वास लागला. आडवं होता येईना. खिडकीचे गज धरून बसून श्वास घेत होते, आणि तो आवाज अख्ख्या घरात. शेजाऱ्याने आपल्या टेम्पोतून नेलं, मागे सामानाच्या जागेत, मी त्यांना पाठीशी धरून. डॉक्टरांनी कोणाला तरी थांबवून यांना यंत्रावर घेतलं आणि मग मला बाहेर बोलावून जे बोलले ते मी निमूट ऐकून घेतलं. म्हणाले, पुन्हा असं केलंत तर इथे आणायची गरज पडणार नाही. दंडाची शीर संपली. आता दुसऱ्या हाताची घेतली आहे, ती दोन-तीन महिने चालेल म्हणाले. त्यापुढे काय, असं मी विचारलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, “कोणी भावंड नाही ना?”

मी म्हटलं, “आहे.”

एवढंच मी बोलले. पुढचं माझ्या हातात नाही.

तुमच्याकडून काही उत्तर नाही, यालाच मी उत्तर समजायचं का? समजेन. हे पत्र मागण्यासाठी नाही. मला कोणी कळवलं नाही, असं म्हणायची पाळी तुमच्यावर येऊ नये, म्हणून आहे.

वहिनी


१९ एप्रिल

भावजी, जाऊबाई,

पाकीट परवा मिळालं. कॅसेट मिळाली. चिठ्ठी मिळाली.

पोस्टमनने ते वर्गावर आणून दिलं तेव्हा मुली परीक्षेचा उतारा टाइप करत होत्या. मी त्यांना करू दिलं आणि तशीच निघाले. कॅसेटवरच्या पट्टीवर ‘वस्ती’ लिहिलेलं पाहिलं आणि अक्षर ओळखलं. जाऊबाई, ते तुमचं आहे. चिठ्ठी मी नंतर वाचली. ‘आम्ही दोघं यायला तयार आहोत. पण दादांनी स्वतः मागायला हवं. तुम्ही नाही, दादांनी. ज्याला हवं आहे त्याने तोंडाने मागावं, तरच मी माझा माणूस पाठवीन.’ तुमच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं. पण या माणसाने आयुष्यात कोणाकडे स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा मागितलेला नाही.

चिठ्ठी मी पदरात लपवली. कॅसेट यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, “भावजींनी पाठवली आहे.”

ते बघत राहिले. हात लावेनात. मीच वायरी जोडल्या, टेप सुरू केला. किंचाळ्या आल्या आणि मध्येच चूक. परत लावली, परत चूक. आवाज कमी केला, वाढवला. चौथ्यांदा चूक आली तेव्हा मी कॅसेटवर हात आपटणार, इतक्यात मागून आवाज आला, “सरक. त्याच्या टेपरेकॉर्डरच्या हेडचा कोन वेगळा असणार.”

पंधरा दिवसांतलं त्यांचं हे पहिलं धड वाक्य.

बारीक पेचकस घेऊन बसले. हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा, स्क्रू केसभर फिरवायचा, कान लावून ऐकायचं, परत केसभर फिरवायचा. पेचकस दोनदा निसटला. मी म्हटलं मी धरू का, तर म्हणाले, “तुला ऐकू येणार नाही.” शेवटी तो आवाज स्वच्छ झाला, मला नाही, त्यांना कळलं. भावजी, तुमच्या टेपशी आमचा टेप जुळवून घेतला तेव्हा खेळ चढला.

डोंगर आला. आणि डोंगराच्या पलीकडे दिवे होते.

यांनी खेळायला सुरुवात केली. तुम्ही नसताना तुमची वस्ती आपली आपण चालत होती. तिकडेही शेतं, तिकडेही घुमट. वर कोपऱ्यात दोन आकडे, आमच्या गाळण्या दोन, तुमच्या दोन. वर्षं सरली. आमची एक गेली. मग दुसरी. शून्य. पहिला ठिपका विझला. मी म्हटलं, “एम दाबा.” त्यांनी बोट हलवलं नाही. दुसरा ठिपका विझला, तिसरा. मी म्हटलं, “अहो, दाबा ना!” ते म्हणाले, “नाही मागणार.”

तेवढ्यात तुमच्याकडचा आकडा बदलला. दोनाचा एक झाला. डोंगरावरून एक ठिपका हळूहळू इकडे सरकत आला, आणि आमच्या शून्याचा एक झाला. कोणी मागितलं नव्हतं. कोणी काही दाबलं नव्हतं.

ठिपके विझायचे थांबले.

हे पडद्याजवळ सरकले. मग एकेक बटण दाबायला लागले. वरच्या रांगेतली सगळी, मग मधल्या, मग खालच्या. मी विचारलं काय शोधताय. म्हणाले, “परत पाठवायचं बटण कुठलं?” सगळी दाबून झाली. मी म्हटलं, थांबा, आणि पूर्ण खेळाच्या ओळी पडद्यावर काढल्या. दोघांनी बसून वाचल्या. त्यांना कळत होत्या, मला नाही, पण तिथे असं काहीही नाही एवढं मलाही समजलं. परत करायची सोय तुम्ही ठेवलेलीच नाही. मग त्यांनी खेळ पुन्हा चालू केला, तिथवर पुन्हा आले, आणि त्या वेळी ‘एम’ दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा. काहीच झालं नाही. ते बटण तुम्ही काढून टाकलं आहे. त्यांनी परत दाबलं. परत. मान खाली घालून नुसतं दाबतच राहिले.

तेव्हा मी पदरातली चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे ठेवली. वाचली त्यांनी. म्हणाले, “ही मुलगी बरोबर बोलते आहे.”

मी म्हटलं, “मग इथे कशाला मागताय? त्या बटणाला आता वायर नाही.” आणि हा कागद त्यांच्यापुढे सरकवला. सुई टोचलेला हात सुजला आहे, म्हणून अक्षर असं आलं आहे. यापुढचं त्यांचं. मी शब्दही सांगितलेला नाही.

*सहाशेचाळीसची ओळ चुकली आहे. मागितल्याशिवाय द्यायचं नाही, असा आपला नियम होता. म्हणून मागतो. तुझी गरज आहे. ये.*

*दादा*